शाळेचे मेसेज शंभर येतात, पण माहिती किती मिळते? पहिल्या महिन्यात पालकांना काय कळायलाच हवं

जून उजाडला की पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप जागे होतात. 'पहिली अ'चं नाव बदलून 'दुसरी अ' होतं आणि मेसेजची रांग लागते. 'दुरेघी वह्या २, चौकटीची १.' 'आधारची झेरॉक्स उद्याच आणावी.' 'रेनकोटवर नाव घालावे.' खाली तीस-चाळीस अंगठे, मध्येच कुणाचं तरी गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ', आणि रात्री साडेदहाला एक काळजीचा प्रश्न, "उद्या डबा द्यायचा आहे का?"

या सूचना लागतातच, त्यात वाद नाही. पण महिनाभराने याच ग्रुपमधल्या पालकांना चार प्रश्न विचारून बघा. तुमच्या मुलाला सध्या वाचता किती येतं? शाळेच्या समितीवर पालकांचे प्रतिनिधी कोण आहेत? शाळेने ठरवलेली फी कोणी मंजूर केली? पाचवीच्या परीक्षेत मूल नापास झालं तर पुढे काय होतं? बरेच जण गप्प बसतील.

म्हणजे काय आणायचं आणि किती भरायचं, हे कळलं. पण मुलाचं शिक्षण कुठे उभं आहे आणि त्यात आपल्याला बोलायचा हक्क किती, हे कळलंच नाही. शाळेचा पहिला महिना हीच गोष्ट ठरवण्याचा असतो. समित्या याच काळात बनतात, पहिल्या सभा याच काळात होतात, आणि बाईंची-पालकांची ओळखही याच काळात होते. तर मग शाळेने पालकांना नेमकं काय सांगायला हवं, कायदा काय म्हणतो आणि सांगण्याची कोणती पद्धत खरंच उपयोगी पडते, ते सविस्तर बघूया.

पालकांना माहिती देणं ही शाळेची मेहेरबानी आहे का?

नाही. ते शिक्षकांचं कायद्याने ठरवून दिलेलं काम आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपण त्याला आरटीई म्हणतो. आरटीई म्हटलं की बहुतेकांना खासगी शाळांमधले २५ टक्के राखीव प्रवेशच आठवतात. पण याच कायद्यात कलम २४ आहे, शिक्षकांच्या कर्तव्यांचं. वेळेवर येणं, अभ्यासक्रम पूर्ण करणं यांच्या जोडीला तिथे आणखी एक कर्तव्य लिहिलंय. पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि त्यांना मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती आणि मुलाबद्दलची इतर गरजेची माहिती द्यायची.

यातला 'मुलाबद्दलची' हा शब्द महत्त्वाचा आहे. कायदा शाळेच्या कार्यक्रमांबद्दल बोलत नाहीये, तुमच्या मुलाबद्दल बोलतोय. त्यामुळे सभेत उभं राहून "माझ्या मुलीला वाचता किती येतं ते सांगाल का?" असं विचारणं आगाऊपणाचं नाही. बाईंनी ते सांगणं अपेक्षितच आहे.

जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळेत पालक कुठे असतात?

याचं उत्तर आहे शाळा व्यवस्थापन समिती. आरटीईच्या कलम २१ प्रमाणे सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांमध्ये ही समिती असावी लागते. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. महाराष्ट्रात समितीचा अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो.

समितीचं काम सह्या करण्यापुरतं नाही. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा तयार करणं, आलेलं अनुदान कसं खर्च होतं ते बघणं, हे सगळं तिच्याकडे आहे. अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांमध्ये मात्र तिची भूमिका सल्ला देण्यापुरती आहे.

समितीमुळे काय फरक पडतो, याचं एक ताजं उदाहरण गणवेशाचं. २०२४-२५ मध्ये राज्य सरकारने 'एक राज्य, एक गणवेश' ही योजना आणली. त्याआधी गणवेशाचं काम शाळा पातळीवर समितीकडे होतं. ते वरून व्हायला लागल्यावर गणवेश वेळेवर न मिळाल्याच्या, मापात न बसल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. शेवटी २०२५-२६ पासून हा अधिकार पुन्हा समितीकडे देण्याचा निर्णय झाला. म्हणजे तुमच्या मुलाच्या सदऱ्याचं कापड कोणतं, ते कुठे शिवायचं, हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती बसलेले बहुतेक लोक पालकच असतात. ते कोण आहेत हे गावाला माहीत हवं की नको?

पण ते माहीत नसतं, आणि हा अनुभव फक्त आपल्याकडचा नाही. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात २००५ साली अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने 'प्रथम' या संस्थेसोबत पाहणी केली होती. तिथे गावोगावी ग्राम शिक्षण समित्या होत्या. पण ९२ टक्क्यांहून जास्त लोकांना गावात अशी समिती आहे हेच माहीत नव्हतं. त्याहून कमाल म्हणजे, समितीच्या सदस्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा लोकांना आपण सदस्य आहोत याचाच पत्ता नव्हता!

म्हणून पहिल्या पालक सभेत विचारायचा पहिला प्रश्न साधा आहे. समिती कधी निवडली, सदस्य कोण आणि पुढची बैठक कधी? सदस्यांची नावं आणि फोन नंबर शाळेच्या फलकावर असतील, तर निम्मं काम झालं.

खासगी शाळेत कोणाला विचारायचं?

विनाअनुदानित खासगी शाळांना कलम २१ लागू नाही. पण म्हणून तिथे पालकांना आवाज नाही असं समजू नका. महाराष्ट्रात २०११ साली शैक्षणिक संस्थांच्या शुल्काचं नियमन करणारा कायदा झाला. त्यानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत शाळेने पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा असतो.

या संघाची एक कार्यकारी समिती असते. तिच्यातले पालक मुख्याध्यापकांनी 'आपली माणसं' म्हणून निवडायचे नसतात. इच्छुक पालकांमधून चिठ्ठ्या टाकून ते निवडायचे असतात. निवडलेल्यांची यादी सूचनाफलकावर लावायची असते. शाळा व्यवस्थापन फीचा प्रस्ताव याच समितीपुढे ठेवतं आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. मंजूर फी मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत फलकावर लावावी लागते. शाळेची वेबसाइट असेल तर तिथेही.

आता होतं काय, की जूनमध्ये 'पालक-शिक्षक संघासाठी इच्छुकांनी नावे द्यावीत' असा मेसेज येतो, तो वह्यांच्या यादीखाली दबून जातो आणि मार्चमध्ये फी वाढली की ग्रुपवर आगडोंब उसळतो. चिठ्ठीत नाव टाकायची वेळ जूनमध्येच असते. नंतर तक्रार करायची म्हटलं तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायला २५ टक्के पालकांची साथ लागते. एकट्याने फार काही करता येत नाही.

याच यादीत आणखी दोन गोष्टी टाका. वह्या-पुस्तकं, गणवेश ठरावीक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही, शिक्षण विभागाने तशा सूचना वेळोवेळी दिल्या आहेत. आणि पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेणं आरटीईच्या कलम १३ प्रमाणे बेकायदा आहे. पहिल्या वेळी २५ हजार आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पहिल्या महिन्यात कोणती माहिती मिळायलाच हवी?

शाळा सरकारी असो की खासगी, ही माहिती जून-जुलैत पालकांच्या हाती असली पाहिजे.

१. वर्ग आणि वेळ. वर्गशिक्षक कोण, त्यांना भेटायची वेळ कोणती, शाळा कधी भरते आणि कधी सुटते. २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत अशी सूचना काढली होती. तुमच्या शाळेची वेळ त्याहून लवकरची असेल तर कारण विचारता येईल. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं व्हायला हवं. वर्षभराचं सुट्ट्यांचं वेळापत्रक हातात असेल तर गावाकडची जत्रा आणि शाळेची चाचणी एकाच दिवशी येत नाही.

२. मूल आज कुठे आहे. 'हुशार आहे, पण मस्ती करतो' ही माहिती नव्हे. अक्षरं ओळखतो का, शब्द वाचतो का, परिच्छेद वाचून समजतो का, हातच्याची बेरीज येते का, ही माहिती. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचं ध्येयच तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड यावी असं आहे. पहिली-दुसरीतल्या मुलाच्या पालकांना हा टप्पा माहीत असेल, तर चौथीत गेल्यावर धक्का बसत नाही.

३. पाचवीचा बदललेला नियम. 'आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही' हे अजूनही अनेकांच्या डोक्यात पक्कं आहे. ते आता तसं नाही. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची असते. त्यातही पास झालं नाही तर मूल त्याच वर्गात बसतं. मात्र शाळेतून काढून टाकता येत नाही. हा नियम पालकांना एप्रिलमध्ये निकालासोबत कळून उपयोग नाही, तो जूनमध्येच सांगितला गेला पाहिजे.

४. मुलाला काय मिळणार आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीला पाठ्यपुस्तकं मोफत आहेत. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत असं प्रमाण ठरलेलं आहे. आठवड्याचा मेनू शाळेच्या भिंतीवर असेल तर मुलगी 'आज फक्त भात होता' असं घरी सांगते तेव्हा आईला ते ताडून बघता येतं. पुस्तक फाटलं, हरवलं तर ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत असतात, हेही सांगायला हवं.

५. सुरक्षा. मुलाला न्यायला कोण येणार, व्हॅनचा चालक कोण, तक्रारपेटी कुठे आहे, सखी सावित्री समितीत कोण आहे. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांमध्ये ही समिती आली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना उघडकीस आल्यावर राज्यभर शाळांतल्या अशा समित्यांची चौकशी सुरू झाली. ती चौकशी कुठल्याही घटनेआधी, शाळा सुरू होतानाच व्हायला हवी. शाळेत मारणं आणि मानसिक छळ या दोन्हींवर कलम १७ ने बंदी आहे, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मुलांनाही पाठ असायला हवा.

सरकारचंच ठरलेलं नसेल तर?

असंही होतं, आणि त्याचा सगळ्यात जास्त ताण पहिलीच्या पालकांवर येतो. २०२५ चा जून आठवा. एप्रिलमध्ये राज्य सरकारने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आणली. विरोध झाला. १६ जूनला शाळा सुरू झाल्या, दुसऱ्याच दिवशी सुधारित शासन निर्णय आला. विदर्भातल्या शाळा २३ जूनला उघडल्या. आणि २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचं जाहीर केलं.

म्हणजे पहिलीतलं मूल शाळेत जाऊन दोन आठवडे झाले तरी ते किती भाषा शिकणार, हे पालकांना कळत नव्हतं. त्या काळात ग्रुपवर जुन्या शासन निर्णयांचे फोटो, कापलेले व्हिडिओ आणि 'आतली बातमी' असं सगळं फिरत होतं. अशा वेळी शाळेने 'आम्हालाही अजून लेखी सूचना आलेली नाही, आल्यावर कळवू' एवढं एक वाक्य लिहिलं तरी पुष्कळ गोंधळ टळतो. पालकांनीही फॉरवर्ड आलेल्या शासन निर्णयाची तारीख आधी बघावी आणि राज्य सरकारच्या संकेतस्थळावर तो शोधून बघावा. तिथे ते मोफत मिळतात.

मेसेज पाठवला म्हणजे कळवलं, असं होतं का?

जगभरच्या संशोधकांनी हा प्रश्न तपासून पाहिलाय. आणि उत्तर शाळांनी ऐकण्यासारखं आहे.

आफ्रिकेतल्या बोट्सवानात २०२० च्या लॉकडाउनमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या घरांवर एक प्रयोग झाला. काही घरांना दर आठवड्याला गणिताचे एसएमएस पाठवले. काही घरांना एसएमएस आणि सोबत साधारण १५ ते २० मिनिटांचा फोन. ज्या घरांत फोनवर बोलणं झालं, तिथल्या मुलांचं गणित सुधारलं. नुसत्या एसएमएसने म्हणावा असा फरक पडला नाही.

बांगलादेशात ग्रामीण प्राथमिक शाळांमध्ये शिक्षकांनी दर महिन्याला पालकांना समोरासमोर भेटून मुलाच्या प्रगतीबद्दल बोलायचं, असा प्रयोग दोन वर्षं चालला. मुलांचे गुण वाढले.

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात, जरा मोठ्या वर्गांत, पालकांना आपोआप जाणारे मेसेज सुरू केले. तिथे मात्र नुसत्या मेसेजनेही काम झालं. विषयात नापास होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं, तासांना हजेरी १२ टक्क्यांनी वाढली. का? कारण ते मेसेज सगळ्यांसाठी एकच नव्हते. तुमच्या मुलाने अमुक गृहपाठ दिला नाही, तो अमुक तासाला नव्हता, अशी ती नेमकी माहिती होती.

तिन्ही प्रयोग शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. माहिती उपयोगी पडते ती आपल्याच मुलाबद्दल असेल तेव्हा, किंवा कुणीतरी समोरासमोर अथवा फोनवर बोलून सांगेल तेव्हा. ग्रुपवरच्या शंभर सूचनांमध्ये या दोन्ही गोष्टी क्वचितच असतात.

आपल्याकडे याची एक चांगली सुरुवात आधीच आहे. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात २०२२ पासून 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. मेळाव्यात मूल वेगवेगळ्या टेबलांवर जातं. कुठे उड्या मारतं, कुठे वस्तू मोजतं, कुठे चित्र बघून गोष्ट सांगतं. आई सोबत असते आणि मुलाला काय जमतं ते तिच्या डोळ्यांसमोर नोंदवलं जातं. मग वाडी-वस्तीवर मातांचे गट करून घरी घ्यायच्या कृती दिल्या जातात. मसुराची डाळ निवडताना मोजणं किंवा भांडी लावताना लहान-मोठं ओळखणं यासाठी आईला दहावी पास असावं लागत नाही. मेळाव्याला न गेलेल्या पालकांनी मुलाचं विकासपत्र शाळेतून मागून बघायला हरकत नाही.

ग्रुपमध्ये नसलेल्या घरांचं काय?

खरी मेख इथे आहे. 'असर' या देशव्यापी ग्रामीण पाहणीत २०१८ साली ३६ टक्के घरांत स्मार्टफोन होता, २०२२ मध्ये तो आकडा ७४.८ टक्क्यांवर गेला. वाढ मोठी आहे. पण याचा दुसरा अर्थ असा, की तेव्हा चारातल्या एका घरात स्मार्टफोन नव्हता. आणि घरात फोन असणं म्हणजे तो आईच्या हातात असणं नव्हे. शाळेच्या रजिस्टरमध्ये अनेकदा वडिलांचा नंबर असतो, वडील दिवसभर साइटवर किंवा रिक्षावर असतात, आणि मुलाला शाळेत सोडायला आजी येते. आजीच्या हातात बटणांचा फोन. 'उद्या अर्धा दिवस शाळा' हा मेसेज रात्री आठला वडिलांना दिसतो किंवा दिसतही नाही. मग साडेअकराला मूल एकटंच गेटवर उभं.

ऊसतोड कामगारांची घरं घ्या. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागांतून दसरा-दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं कारखान्यांकडे निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. मूल गावात राहावं म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते. सोबत न्यावंच लागलं तर शिक्षण हमी कार्ड मिळतं, म्हणजे जिथे जाल तिथल्या शाळेत मुलाला बसता येतं. पण हे सांगायची वेळ कोणती? ऑक्टोबरमध्ये ट्रॅक्टर दारात आल्यावर नाही. कुटुंब गावात असतं तेव्हाची, म्हणजे जून ते सप्टेंबर. एवढी एक माहिती वेळेत मिळाली नाही, तर मुलाचं अख्खं सत्र फडात जातं.

स्थलांतर करून आलेल्या पालकांना दाखल्याचीही भीती असते. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४ सांगतं. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने मुलाला दाराबाहेर ठेवायचं नाही, हे कलम ५ सांगतं. हे शाळेच्या गेटवर मोठ्या अक्षरात लिहायला एक डबा रंग पुरतो.

भाषेचाही प्रश्न आहे. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा ८ माध्यमांत शाळा चालवते. मेळघाटात घरी कोरकू बोलली जाते, नंदुरबारच्या डोंगरात भिली. तिथे 'संदर्भीय विषयान्वये कळविण्यात येते की' अशा भाषेतली सूचना मराठी माणसालाही दोनदा वाचावी लागते, मग कोरकू बोलणाऱ्या आईचं काय? अनेक शिक्षक स्वतःच यावर उपाय काढतात. ३० सेकंदांचा व्हॉइस मेसेज, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दवंडी, आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवलेली सभा, किंवा मुलाच्या वहीत लिहून घरच्यांची सही. न वाचता येणाऱ्या पालकासाठी शेजारच्या घरातला एक 'निरोप्या' ठरवणं हाही साधा मार्ग आहे.

शिक्षकांची बाजूही बघायला हवी

दोन शिक्षकी शाळेत एकाच बाईंकडे दोन-दोन वर्ग असतात. त्यात ऑनलाइन माहिती भरणं, आहाराची नोंद, निवडणुकीचं काम. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत असं आरटीईचं कलम २७ म्हणतं. तरी कागदांचा ढीग काही कमी होत नाही. त्यावर रात्री अकराला 'मॅडम, उद्याचा गृहपाठ काय?' असे पंधरा मेसेज.

म्हणून ग्रुपची शिस्त पहिल्याच सभेत ठरवलेली बरी. सूचनांचा ग्रुप फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा ठेवायचा. सूचना संध्याकाळी एका ठरलेल्या वेळी यायच्या. मुलाबद्दलची वैयक्तिक गोष्ट ग्रुपवर लिहायची नाही. फी थकलेल्या मुलांची यादी ग्रुपवर टाकणं तर मुळीच नाही, कारण ती यादी दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलांच्या तोंडी असते.

फोटो आणि कागदपत्रांचंही तसंच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. 'अपार' हा विद्यार्थ्याचा १२ अंकी ओळख क्रमांक काढतानाही शाळा पालकांकडून संमतीपत्र घेते. ते कशाचं आहे हे न सांगता 'इथे सही करा' म्हणत असतील, तर आधी वाचून घ्या. आधारची झेरॉक्स ग्रुपवर टाकू नका, शाळेत जाऊन हातात द्या.

पालकांनी शाळेला काय सांगायचं?

माहिती एकाच बाजूने वाहून चालत नाही. बाईंसमोर तीस मुलं असतात. आपलं मूल त्यांना कळावं म्हणून या गोष्टी पहिल्या आठवड्यात सांगा.

• मुलाला दमा, फिट, कसली ॲलर्जी किंवा चालू औषध असेल तर ते लेखी द्या.
• फळ्यावरचं दिसायला किंवा ऐकायला त्रास होतो अशी शंका असेल तर ती सांगा. 'लक्ष देत नाही' असा शिक्का बसलेल्या मुलाला कधीकधी फक्त चष्म्याची गरज असते.
• घरी कोणती भाषा बोलता ते सांगा.
• घरात अलीकडे काही घडलं असेल, कुणाचा मृत्यू, वेगळं राहणं, स्थलांतर, तर बाईंना एकांतात तेवढं सांगून ठेवा.
• मुलाला न्यायला येणाऱ्यांची नावं आणि दोन फोन नंबर द्या. त्यातला एक आईचा किंवा दिवसभर घरी असणाऱ्या माणसाचा असू द्या.

पहिल्या सभेला जाताना

सभेचं निमंत्रण आलं की 'जाऊन काय होणार, स्वागतगीत आणि भाषण' असं म्हणून आपण टाळतो. कामाच्या दिवशी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून जाणं सोपं नाही, हेही खरं. म्हणूनच सभेची वेळ संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवा, अशी मागणी पालकांनी आधीच करावी. आणि जाताना हे पाच प्रश्न खिशात ठेवा.

माझं मूल आज वाचन-गणितात कोणत्या टप्प्यावर आहे? वर्षअखेरीस ते कुठे असायला हवं? त्यासाठी घरी आम्ही रोज दहा मिनिटं काय करायचं? समितीवर किंवा पालक-शिक्षक संघात पालकांचे प्रतिनिधी कोण आहेत? आणि आजच्या सभेला न आलेल्या पालकांना हे सगळं कोण सांगणार?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सभेला न आलेले पालक बेफिकीर असतात असं नाही. कुणी कामावर असतं, कुणाला निरोपच मिळालेला नसतो, कुणाला शाळेत बोलायची भीती वाटते. त्यांची मुलं तुमच्या मुलाच्याच बाकावर बसतात. घरी परतताना वाटेत असं एखादं घर लागत असेल, तर तिथे दोन मिनिटं थांबून सभेत काय झालं ते सांगा.